खडीला कुणी विचारतच नाही

जूनमध्ये दोन-चार दमदार सरी झाल्या की महाराष्ट्रात खड्ड्यांवरचा वाद उकरला जातो आणि दिवाळीच्या सुमाराला खड्ड्यांबरोबर तोही बुजवला जातो. बाजू ठरलेल्या असतात. एक म्हणतो, डांबरातच भेसळ आहे. दुसरा म्हणतो, डांबराचा नादच सोडा, सरसकट काँक्रीट करा. तिसरा टक्केवारीकडे बोट दाखवतो, चौथा आभाळाकडे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे जीव गेला तर वारसांना सहा लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला, तेव्हा वादाला धार आली, पण वळण मिळालं नाही. खड्ड्याला जबाबदार कोण, यावर सगळे हिरिरीने बोलतात. खड्डा पडतो म्हणजे रस्त्याच्या पोटात नेमकं काय होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. तेच ठाऊक नसेल तर जबाबदार माणूस समोर उभा केला तरी त्याला जाब कशाचा विचारणार?

माझी बाजू आधीच सांगतो. ज्याला आपण डांबरी रस्ता म्हणतो तो खरं तर दगडी रस्ता असतो. त्याच्या वरच्या थरात वजनाने शंभरातले चौऱ्याण्णव-पंचाण्णव भाग खडी, कच आणि दगडाची भुकटी असते; डांबर उरलेल्या पाच-सहा भागांत. ट्रकचा भार पेलतो तो या दगडांचा आतला सांगाडा. खडी खडीला कुठे टेकते, तिचा आकार कसा आहे, लहान-मोठ्या दाण्यांचं प्रमाण काय आणि मधल्या पोकळ्या किती, यावर रस्ता पाच वर्षं टिकणार की एका पावसात उखडणार हे बऱ्याच अंशी ठरतं. आपला सगळा वाद मात्र त्या पाच-सहा टक्क्यांभोवती फिरतो. चर्चेचं हे असंच चालू राहिलं, तर डांबराची प्रत बदला, ठेकेदार बदला नाहीतर अधिकारी बदला, फारसा फरक पडणार नाही.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर मे महिन्यातल्या अकोल्या-चंद्रपूरच्या रस्त्याचा विचार करा. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचा मृदुबिंदू, म्हणजे ते मऊ पडण्याचं तापमान, भारतीय मानकानुसार किमान ४७ अंश सेल्सिअस असतं. मेच्या दुपारी काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे सहज जातो. म्हणजे भर उन्हात, दगडांना धरून ठेवायला घातलेला पदार्थ स्वतःच मऊ होऊन बसलेला असतो आणि त्याच वेळी वरून सळयांनी भरलेला ट्रक जात असतो. तरीही चांगला रस्ता वाहून जात नाही. त्या क्षणी त्याला उभं कोण ठेवतं? एकमेकांत अडकलेले, कोनाकोनांनी घट्ट बसलेले दगड. ज्या रस्त्यात ते तसे बसलेले नसतात तिथे चाकाखाली लांबच लांब चर पडतात. सिग्नलजवळ आणि बसथांब्याशी डांबर लाटांसारखं पुढे सरकलेलं दिसतं. चर नेमके थांब्यांपाशीच जास्त का? कारण भार जितका सावकाश आणि जितका वेळ पडतो, तितका डांबराचा विरोध कमी होत जातो आणि सगळी भिस्त खडीवर येते.

हा सांगाडा डोळ्यांनी बघता येतो, आणि एकदा बघितला की रस्त्याकडे बघण्याची नजरच बदलते. तयार रस्त्यातून यंत्राने साधारण दहा सेंटिमीटर व्यासाचा गोल तुकडा कापून काढतात, त्याला कोअर म्हणतात. तो करवतीने उभा चिरून धुतला की आतली सगळी रचना समोर येते. चांगल्या कोअरमध्ये मोठ्या खडीच्या कडा एकमेकींना भिडलेल्या दिसतात, त्यांच्या फटींत मधली खडी, तिच्या फटींत कच, आणि उरलेल्या जागेत काळा गिलावा. पोकळ्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि सगळीकडे विखुरलेल्या. वाईट कोअरमध्ये मोठी खडी काळ्या लगद्यात सुटी तरंगत असते. नाहीतर एका बाजूला सगळी जाडी खडी आणि दुसऱ्या बाजूला सगळी बारीक कच, किंवा थराच्या तळाशी एकमेकींना जोडलेल्या भोकांची ओळ. गेल्या शतकाच्या अखेरीपासून संशोधक हेच तुकडे न कापता एक्स-रेखाली घालून बघतात, स्पर्शबिंदू मोजतात, दाणे आडवे बसलेत की तिरपे हे तपासतात. दोन तुकड्यांत डांबर तेवढंच, खडीचं प्रमाण तेवढंच, तरी आतली रचना वेगळी म्हणून एक टिकतो आणि दुसरा बसतो. डांबराची टक्केवारी मोजून हा फरक कळायचा नाही.

आता विरोधी बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा घेतो. तो आहे पाण्याचा. कुठल्याही अनुभवी अभियंत्याला विचारा, तो सांगेल: खडीबिडी ठीक आहे, पण रस्त्याचे शत्रू तीन, पाणी, पाणी आणि पाणी. गटार नाही, उतार नाही, बाजूची माती रस्त्यापेक्षा उंच. मग सोन्याची खडी घातली तरी काय होणार? हा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. खडीच्या रस्त्याला ज्याचं नाव चिकटलं त्या जॉन लाउडन मॅकॅडमचंही हेच मत होतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिस्टलकडचे रस्ते सुधारताना त्याने बजावून सांगितलं होतं की भार शेवटी खालची जमीन वाहते, म्हणून ती कोरडी राखा. पण त्यानेच दुसरी अटही घातली होती, आणि ती आपण सोयीने विसरतो. फोडलेला, कोनदार दगडच वापरायचा, आणि एकही तुकडा सहा औंसांहून, म्हणजे जेमतेम १७० ग्रॅमहून, जड असता कामा नये. गोल गोटे चालणार नाहीत, माती मिसळलेली चालणार नाही. का? तर कोनदार दगड चाकांखाली एकमेकांत गुंततात आणि वरून पडणारं पाणी आत जाऊ न देणारं छप्पर तयार होतं. म्हणजे ज्याने पाण्याला पहिला शत्रू ठरवलं, त्याने पाण्यावरचा इलाजही दगडांच्या रचनेतच शोधला. आणि तेही डांबराचा एक थेंब न वापरता.

डांबरी थरातही पाणी आणि खडी हे दोन वेगळे विषय नाहीतच. थरात साधारण चार टक्के पोकळ्या ठेवल्या जातात. उन्हात डांबर फुगतं, वाहतुकीने थर आणखी दबतो, त्याला तेवढी जागा लागते. इतक्या कमी पोकळ्या एकमेकींपासून सुट्या असतात, पाणी आत शिरत नाही. साधारण आठ टक्क्यांच्या पुढे गेलं की त्या एकमेकींना मिळतात. पाणी आत जातं, पण बाहेर पडण्याएवढी मोकळी वाट नसते. ते तिथेच मुरतं. वरून चाक गेलं की दाबाने खडीवरचा डांबराचा लेप सोलतं, चाक पुढे गेलं की पुन्हा आत ओढलं जातं. पाच-सहा दिवसांच्या संततधारेत मुंबईच्या रस्त्यावरून किती चाकं जात असतील? आणि याच्या पलीकडचं टोक बघा. नेदरलँड्समधल्या बहुतेक महामार्गांचा वरचा थर मुद्दाम वीसेक टक्के पोकळ्या ठेवून बनवलेला असतो. पाणी त्यातून गाळणीसारखं निघून जातं, रस्त्यावर साचत नाही. चार टक्के चांगले, वीस टक्केही आपल्या जागी चांगले, मधले आठ-बारा टक्के सर्वांत घातक. पाणी तिन्ही ठिकाणी तेच असतं. मग दोष एकट्या पावसाला देऊन कसं चालेल? केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या मानकानुसार थराची घनता पोकळीरहित मालाच्या किमान ९२ टक्के भरायला हवी, म्हणजे आठ टक्के पोकळ्यांपर्यंत सूट. धोक्याची रेघ जिथे सुरू होते नेमकी तिथपर्यंत. ती काठावरची सूटही प्रत्यक्षात पाळली जाते का, हे किती नगरसेवकांनी कधी विचारलं असेल? १९८९ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांनी एक ढोबळ नियम मांडला: सात टक्क्यांच्या वर पोकळी टक्क्याने वाढली की रस्त्याचं आयुष्य दहा टक्क्यांनी घटतं. रोलरचे चार फेरे वाचवले तर त्याची किंमत इतकी.

इथे खडीचा आकार येतो, आणि इथेच आपलं घोडं पेंड खातं. दगडाच्या बाबतीत महाराष्ट्र नशीबवान आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेला आपला काळा कातळ कठीण आहे. आणि त्यात सिलिकाचं प्रमाण ग्रॅनाइटपेक्षा कमी असल्याने डांबर त्याला जास्त चांगलं चिकटतं. पण खाणीत सगळाच कातळ सारखा नसतो. लाव्ह्याच्या एका थराचा मधला भाग घट्ट, वरचा भोकाभोकांचा आणि पांढऱ्या खनिजांनी भरलेला, आणि दोन थरांच्या मध्ये कधी तांबड्या मातीचा पट्टा. सुरुंग लागला की हे सगळं एकाच ढिगात पडतं. पुढे क्रशर. नुसत्या जबड्याच्या क्रशरमधून निघालेली खडी बरीचशी चपटी आणि लांबोडकी असते. तिला ठोकळ्यासारखा आकार द्यायचा तर पुढे कोन क्रशर आणि मग दगडावर दगड आपटून कडा मोडणारं व्हीएसआय यंत्र लागतं. त्याला वीज लागते, भुकटी जास्त पडते, माल कमी निघतो. म्हणून तो टप्पा गाळण्याचा मोह होतो.

चपटी म्हणजे किती चपटी? त्याचं माप ठरलेलं आहे. २० आणि १६ मिलिमीटरच्या चाळण्यांच्या मधली खडी घ्या आणि १०.८ मिलिमीटर रुंदीच्या फटीतून घालून बघा. जी आरपार जाईल ती चपटी. चपटी आणि लांबोडकी मिळून ३५ टक्क्यांच्या वर असू नये असं मानक सांगतं. हा एक लोखंडी पत्रा आहे, त्यात फटी कापलेल्या असतात. वीज नको, रसायन नको, प्रयोगशाळा नको. चपट्या खडीचं काय वाकडं आहे? ती रोलरखाली आडवी पडते, एकमेकींवरून घसरते आणि मोडते. मोडली की जी नवी कड उघडी पडते तिच्यावर डांबराचा लेप नसतो. तो लेप तर दीडशे अंशांना हॉट मिक्स प्लांटमध्येच चढलेला, आता कुठून येणार? पाणी पहिल्यांदा शिरतं ते या उघड्या कडेशी. म्हणजे जुलैमध्ये जो खड्डा पावसाच्या नावावर मांडला जातो त्याची सुरुवात मार्चमध्ये क्रशरवर झालेली असते.

दुसरा मोठा आक्षेप भ्रष्टाचाराचा. लोक म्हणतात, हे तुमचं खडीपुराण म्हणजे मूळ रोगावर पांघरूण घालणं आहे. पैसे खाल्ले नाहीत तर रस्ता आपोआप चांगला होतो. पुराव्यादाखल प्रत्येक पुणेकर जंगली महाराज रस्ता पुढे करतो. १९७० च्या दशकात रेकॉन्डो या कंपनीने दहा वर्षांच्या हमीवर केलेला तो रस्ता पुढे कित्येक दशकं पुण्याच्या कौतुकाचा विषय होता. उदाहरण चोख आहे, आणि भ्रष्टाचार आहे हे मी नाकारत नाही. तो नाकारण्याइतका दुधखुळा माणूस या राज्यात सापडायचा नाही. पण प्रामाणिकपणा काही रस्त्यात ओतता येत नाही. तो शेवटी कशात तरी उतरावा लागतो: चाळलेल्या खडीत, माल गरम असेपर्यंत मारलेल्या रोलरच्या फेऱ्यांत, निचऱ्यात. आणि चोरीचंही तसंच आहे. चोर नेहमी जिथे पहारा नाही तिथून शिरतो. डांबर महाग म्हणून सगळ्यांची नजर त्याच्यावर. नमुना घेऊन डांबर धुऊन काढायचं आणि टक्केवारी मोजायची, ही चाचणी होते, निदान कागदावर होते. मग हुशार माणूस वाचवणार कुठे? एक टप्पा गाळलेल्या क्रशरमध्ये, निवलेल्या मालात, कमी फेऱ्यांत. टक्केवारीच्या आरोपाने निवडणुका जिंकता येतात, पण तो आरोप करताना कुठल्या थरात काय कमी होतं हे न सांगणं म्हणजे चोराला पळवाट दाखवणं. हमीचंही तेच. आजच्या निविदांतही दोषदायित्वाची तीन-पाच-दहा वर्षं लिहिलेली असतात. पण हमीच्या काळात खड्डा पडला की ठेकेदार थंड माल टाकून तो बुजवतो आणि सुटतो. थर आतून सदोष होता का, हे बघायला कुणी तिथला कोअर काढत नाही.

उलट, डांबरावरच्या या एकतर्फी पहाऱ्याने एक नवीच पंचाईत केली आहे. लोकांना वाटतं रस्ता जितका काळाभोर आणि चकचकीत तितका चांगला. उद्घाटनाला आलेले पुढारीही तेच बघतात. पण डांबर गरजेपेक्षा जास्त झालं की ते खडी-खडीच्या मध्ये शिरून त्यांना एकमेकींपासून दूर करतं, सांगाडा सैल होतो, उन्हाळ्यात डांबर वर येतं आणि चाकांखाली चर पडतात. कमी डांबराचा रस्ता सुटतो, जास्त डांबराचा वाहतो. ‘डांबर वाढवा’ ही मागणी लोकहिताची वाटते. कित्येक ठिकाणी ती रस्त्याच्या मुळावर येते.

डांबराच्या बाजूने बोलणाऱ्यांचं एक म्हणणं मात्र मान्य करायलाच हवं. तडे हा मुख्यतः डांबराचा प्रश्न आहे. भाराखाली पुन्हा पुन्हा वाकून थर तडकतो तेव्हा, किंवा वर्षानुवर्षं उन्हाने डांबर वाळून ठिसूळ होतं तेव्हा, खडी कितीही चांगली असली तरी ती ताण सहन करू शकत नाही. दगड दाब झेलतात, ओढ नाही. रबर किंवा पॉलिमर मिसळलेल्या डांबराचे फायदे खरे आहेत. प्लास्टिकचे रस्ते म्हणून जे गाजतात त्यांतही तथ्य आहे. पण गंमत बघा: मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या राजगोपालन वासुदेवन यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली ती ज्या पद्धतीसाठी, तिच्यात प्लास्टिक डांबरात नाही, तापलेल्या खडीवर चढवतात. सुरतजवळ हजिऱ्याला २०२२ मध्ये पोलाद कारखान्यातल्या स्लॅगचा, म्हणजे धातू गाळून उरलेल्या मळीचा, रस्ता झाला, तिथेही बदलली ती खडी. नव्या कल्पना दगडाकडे वळल्या आहेत. आपले टीव्हीवरचे वाद तेवढे अजून डांबराच्या पिंपाभोवती घोटाळत आहेत.

ओव्हरलोडचा मुद्दाही रास्त आहे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावाजवळ रस्त्यांचे तुकडे बांधून त्यांच्यावर ट्रक फिरवत ठेवले होते. त्यातून निघालेला निष्कर्ष आजही वापरला जातो: आसावरचा भार वाढला की रस्त्याची हानी साधारण चौथ्या घाताने वाढते. आपल्याकडे जुलै २०१८ मध्ये केंद्राने चार चाकांच्या एका आसावरचा परवानगीचा भार १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेला. ऐकायला सव्वा टनच. चौथ्या घाताने मोजा, प्रत्येक फेरीला हानी सुमारे १.६ पट. आणि हे कायदेशीर भाराचं. वाळूच्या डम्परचं तर बोलायलाच नको. पण याचा अर्थ खडीकडे दुर्लक्ष करायला मोकळीक मिळाली असा होतो का? भार वाढला म्हणून तर सांगाडा जास्त पक्का हवा. टायरखालचा दाब एका खडीतून दुसरीत स्पर्शबिंदूंवाटेच उतरतो. हे बिंदू कमी असतील तर प्रत्येकावर ताण जास्त, मग तिथे दगड मोडतो नाहीतर सरकतो.

राहता राहिलं काँक्रीट. मुंबई महापालिकेने आपल्या सुमारे दोन हजार किलोमीटर रस्त्यांचं काँक्रीटीकरण हाती घेतलं आहे, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग काँक्रीटचा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. सपाट, पाणी साचणाऱ्या, जड वाहतुकीच्या रस्त्याला काँक्रीट शोभतं, यात शंका नाही. पण राज्यातल्या सगळ्या रस्त्यांची लांबी तीन लाख किलोमीटरच्या घरात आहे. गावोगावचे, घाटातले, वाडी-वस्तीचे रस्ते काँक्रीटचे करणार का? कोण आणि कधी? शहरात तरी आज रस्ता झाला की परवा केबल, तेरवा जलवाहिनी. डांबरी रस्ता उकरून निदान पुन्हा घालता येतो, काँक्रीटची फोडलेली लादी सांधणं फार अवघड. आणि एक साधी गोष्ट: काँक्रीटमध्येही घनफळाने सत्तर टक्क्यांच्या आसपास खडी आणि कच असते, त्याच खाणीतली, त्याच क्रशरची. चपटी खडी तिथेही पाणी आणि सिमेंट जास्त मागते. डांबराच्या जागी सिमेंट आणून खडीकडे डोळेझाक कायम ठेवली तर दहा वर्षांनी आपण भेगांवर भांडत बसू.

या सगळ्यावर सार्वजनिक बांधकाम खात्यातला एखादा अधिकारी हसून म्हणेल, तुम्ही सांगता ते सगळं आमच्या मानकांत आहे. खडीच्या प्रतवारीचे, म्हणजे लहान-मोठ्या दाण्यांच्या प्रमाणाचे, तक्ते आहेत, कठीणपणाच्या चाचण्या आहेत, डांबरी मिश्रण तपासणारी मार्शल चाचणी आहे. खरं आहे. पण जरा तक्ता उघडून बघा. आपल्या नेहमीच्या बिटुमिनस काँक्रीटच्या (नावात काँक्रीट असलं तरी हे वरच्या थराचं डांबरी मिश्रणच) बारीक प्रतवारीत ५३ ते ७१ टक्के माल ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून खाली जातो. म्हणजे ज्याला आपण खडी म्हणतो ती उरते २९ ते ४७ टक्के. या पट्ट्यात कुठेही राहिलात तर तुम्ही नियमात. पण या टोकाला असलेला माल आणि त्या टोकाला असलेला माल यांचा स्वभाव एक नाही. मार्शल चाचणी १९३९ च्या सुमारास मिसिसिपीच्या महामार्ग खात्यातल्या ब्रूस मार्शल यांनी काढली. दुसऱ्या महायुद्धात जड विमानांसाठी धावपट्ट्या घाईने बांधायच्या होत्या म्हणून अमेरिकी लष्कराने ती उचलली. चार इंचांच्या साच्यात वरून हातोडा मारून केलेला तो गोळा उपयोगी आहे, पण रोलर खडीला जशी मळत-सरकवत बसवतो तसं हातोडा करत नाही. त्या गोळ्यातली रचना रस्त्यावरच्या थरात तशीच उतरली हे कशावरून? मानकं पाळणं आणि रचना साधणं यांत अंतर आहे.

इथे मी एक सावधगिरीही बाळगतो, कारण खडीच्या बाजूनेही अतिरेक झालेला आहे. १९८७ नंतर अमेरिकेने पाच वर्षांचा, पंधरा कोटी डॉलरचा महामार्ग संशोधन कार्यक्रम राबवला आणि त्यातून डांबरी मिश्रण ठरवण्याची सुपरपेव्ह पद्धत निघाली. तिने प्रतवारीच्या आलेखात एक ‘निषिद्ध पट्टा’ आखून दिला. बारीक दाण्यांचं प्रमाण त्यातून जाता कामा नये. वर्षानुवर्षं चांगली चालणारी मिश्रणं त्या रेघेपायी बाद झाली. पुढे अभ्यासातून दिसलं की कच कोनदार असेल तर पट्ट्यातून जाणारी प्रतवारीही उत्तम चालते, आणि पट्टा निरुपयोगी ठरला. म्हणजे मोठी खडी जास्त तर रस्ता चांगला, असं सोपं समीकरण नाही. बारीक दाण्यांचाही सांगाडा उभा राहतो, ते फोडलेले आणि कोनदार असतील तर. नदीची गोल वाळू असेल तर नाही.

तरी ज्या रस्त्यांवर भार अफाट आहे तिथे मोठ्या खडीचा सांगाडा काय करू शकतो हे जर्मनीने दाखवलं. १९६० च्या दशकात तिथल्या हिवाळ्यात गाड्यांना खिळ्यांचे टायर लावत. त्या खिळ्यांनी रस्ते कुरतडून टाकले. स्ट्राबाग या बांधकाम कंपनीच्या झिख्नर यांनी मोठी, कठीण, ठोकळेदार खडी भरपूर घेऊन ती एकमेकींना भिडेल अशी ठेवली आणि फटी डांबर-भुकटी-तंतूंच्या घट्ट मसाल्याने भरल्या. १९६८ मध्ये असा थर रस्त्यावर पडला. १९७५ मध्ये खिळ्यांच्या टायरवर बंदी आली. ज्या कारणासाठी हा थर जन्मला ते कारणच संपलं. पण अवजड ट्रकांखालीही तो बसत नाही हे लक्षात आलं, म्हणून तो टिकला आणि १९८४ मध्ये जर्मन मानकात गेला. आपल्याकडेही भारतीय रस्ते काँग्रेसने २००८ मध्ये या ‘स्टोन मॅट्रिक्स अस्फाल्ट’ची तात्पुरती मानकं काढली. त्याच्या १३ मिलिमीटर प्रतवारीत ४.७५ च्या चाळणीवर ७२ ते ८० टक्के माल राहतो. वरच्या २९ ते ४७ शी ताडून बघा. म्हणजे ज्ञान नाही असं नाही, कागदही आहे. तो महाग पडतो हे खरं. त्याला चपटी खडी चालत नाही, डांबर आणि तंतू जास्त लागतात. सगळीकडे तो घालाच असं मी म्हणणार नाही. पण घाटाचे चढ, बंदराकडे जाणारे रस्ते, साखर कारखान्याच्या वाटा, बसचे मार्ग, इथे तरी हा पर्याय चर्चेत का येत नाही?

‘हे सगळं तज्ज्ञांचं काम, सामान्य माणसाला पोकळ्यांचे टक्के काय कळणार?’ हा शेवटचा आक्षेप मला सर्वांत कमकुवत वाटतो. या राज्यातला दूध घालणारा शेतकरी फॅट आणि एसएनएफचा दशांश चुकला तर संकलन केंद्रावर हुज्जत घालतो. ऊस उत्पादकाला कारखान्याचा उतारा तोंडपाठ असतो आणि दर त्यावर कसा ठरतो हेही ठाऊक असतं. फ्लॅट घेणारा एफएसआय समजून घेतो. ज्या आकड्यावर पैसे ठरतात तो आकडा लोक शिकतात. रस्त्याचे पैसे आज मोजमाप पुस्तकातली लांबी, रुंदी आणि जाडी पाहून दिले जातात. घनता कमी भरली म्हणून बिल कापल्याची बातमी कुणी वाचली आहे का? अमेरिकेतली अनेक राज्यं थराची घनता मोजून त्या प्रमाणात देयक वाढवतात किंवा कापतात. आपल्या निविदेतही हेच यायला हवं: दर ठरावीक अंतरावर, जागा ठेकेदाराने नव्हे तर चिठ्ठी टाकून निवडलेली, तिथे कोअर, त्याची घनता, त्याचा चिरलेल्या बाजूचा फोटो आणि क्रशरवरच्या खडीचा चपटेपणाचा आकडा संकेतस्थळावर, ९२ टक्क्यांखाली बिलात कपात, ९० च्या खाली थर उकरून पुन्हा. (आणि कोअर काढल्यावर पडलेलं भोक नीट भरायचं कलमही घाला, नाहीतर तपासणीचा खड्डाच पहिला खड्डा ठरतो.)

यावर ठेकेदार म्हणतील दर वाढतील. वाढतील. व्हीएसआयमधून काढलेली खडी, वेळेत पोचणारा गरम माल, रोलरच्या पूर्ण फेऱ्या आणि डम्परमध्ये माल भरताना एकाच ढिगात न ओतता तीन ठिकाणी ओतण्याची शिस्त, म्हणजे जाडी खडी कडेला घरंगळून वेगळी पडत नाही, यातल्या शेवटच्या गोष्टीला तर फक्त चालकाने दोनदा गाडी पुढे-मागे घ्यावी लागते. बाकीच्यांचे पैसे लागतील आणि ते द्यावेत. पण ते देताना लांबी-रुंदी-जाडीच्या पुढचा चौथा रकाना मोजमाप पुस्तकात आधी आखून घ्यावा, घनतेचा. आणि तो रिकामा असेल तर बिलावर सही होऊ नये.